खेळण्यांचा मुक्काम

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता गोष्टीताई बालविभागाच्या दारात टेबल टाकून बसली होती आणि समोर रांगेत उभी असलेली मुलं आपापली खेळणी तिच्या ताब्यात देत होती. खेळण्याच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नंबर घालायचा, वहीत त्या नंबरासमोर मुलाचं आणि खेळण्याचं नाव लिहायचं. काम सोपं, पण घाईने उरकण्यासारखं नाही, कारण प्रत्येक मूल जाता जाता सूचना देऊन जातं. जिराफाला उंचावर ठेवू नका, त्याला चक्कर येते. बाहुलीचे डोळे आपोआप मिटत नाहीत, ते हाताने मिटवा. डायनासोर कुणाला चावला तर आमची जबाबदारी नाही, असं बजावणारा गृहस्थ जेमतेम साडेचार वर्षांचा होता.

या कार्यक्रमाचं नाव ‘खेळण्यांचा मुक्काम’. शनिवारी खेळणी वाचनालयात राहायला येतात, रविवारी वाचनालय बंद असतं, आणि सोमवारी शाळा सुटल्यावर मुलं खेळणी न्यायला आली की प्रत्येकाला एक छोटी पुस्तिका मिळते. आपलं खेळणं रात्रभर काय धुमाकूळ घालत होतं त्याचे फोटो तिच्यात असतात. जिराफ शिडीवर चढलाय, बाहुली पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारतेय, असले. मूल ती पुस्तिका वाचतं, मग दुसरं पुस्तक मागतं, आणि आपलं काम होतं. गोष्टीताई गेली सहा वर्षं हे करत होती. शनिवारचा गोष्टींचा तास तिचा, गुरुवारची मोठ्या मुलांची वादसभा तिची, सुट्टीतलं वाचनशिबिर तिचं. वर्षभराचं वेळापत्रक ती रात्री जागून आखायची आणि मुख्य ग्रंथपालसाहेब त्यातलं निम्मं लाल पेनाने खोडून परत पाठवायचे. यंदा त्यांनी मुक्कामासमोर लिहिलं होतं, ‘हे वाचनालय आहे की पाळणाघर?’ ते वाचून गोष्टीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिचा रागच तसा. घरी, बसमध्ये, फोनवर, कुठेही तिचा पारा चढायला वेळ लागायचा नाही. वाचनालयात येणाऱ्या मुलांसमोर मात्र तो राग कुठे दडी मारून बसायचा कोण जाणे.

रांगेत सगळ्यात शेवटी बिट्टी उभी होती. सात वर्षांची, अंगाने काडी. दर शनिवारी यायची, मागच्या भिंतीला टेकून गोष्ट ऐकायची आणि एक अक्षर न बोलता निघून जायची. तिची आई तीन वर्षांपूर्वी वारली होती. वडील दातांचे डॉक्टर होते, वाचनालयाच्या समितीवर होते, आणि बोलायला इतके मऊ की दात उपटून घेणारा माणूसही त्यांचे आभार मानून जायचा. ते तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. बिट्टीने तपकिरी कापडाचं एक अस्वल पुढे केलं. ते तिच्या आईने हाताने शिवलेलं होतं, टाके जरा वाकडेतिकडे होते.

“अस्वलाचं नाव काय गं?” गोष्टीताईने विचारलं.

बिट्टीने वडिलांकडे बघितलं.

“सांग की. ताई विचारतायत ना?” डॉक्टर हसले. “लाजते हो फार.”

गोष्टीताईने वहीत लिहिलं, ‘अस्वल, नंबर अठरा.’

रात्रीचे फोटो रात्री काढलेले असतात असं मुलांना वाटतं, आणि तसंच वाटायला हवं. खरं तर ते रविवारी दुपारी काढतात. खिडक्यांना काळे पडदे लावले आणि दिव्याला निळा कागद गुंडाळला की झालं चांदणं. मदतीला शिपाईकाका असायचे. काकांची नोकरी एकोणतीस वर्षांची, आणि त्या एकोणतीस वर्षांत ते जेवढं बोलले असतील तेवढं गोष्टीताई एका दुपारी बोलायची.

दोन वाजता पडदे लागले. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर गाड्या होत्या, पण जाड भिंतींतून त्यांचा नुसता घुमारा आत येत होता. बंद खोलीत जुन्या कागदाचा आणि डिंकाचा वास दाटून राहिला होता. पंखा बंद ठेवला होता, कारण वाऱ्याने खेळणी पडतात. निळ्या उजेडात अठरा खेळण्यांचे काचेचे आणि बटणांचे डोळे चमकत होते. गोष्टीताईने अस्वलाला गोष्टीच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर एक पुस्तक उघडून ठेवलं आणि जिराफाला शिडीवर चढवायला ती वळली.

परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. पुस्तक मिटून बाजूला ठेवलेलं होतं.

“काका, अस्वल तुम्ही उचललंत?”

“नाही.”

शोधाशोध केली. कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात कात्र्या, डिंकाच्या बाटल्या आणि रंगीत कागद असायचे. त्या कप्प्यात, अगदी आत, भिंतीकडे तोंड करून अस्वल बसलेलं होतं.

“काका, मला असली थट्टा अजिबात खपत नाही हं,” गोष्टीताई म्हणाली.

तिने अस्वल पुन्हा खुर्चीत बसवलं, कॅमेरा उचलला, भिंग पुसलं आणि वर बघितलं. खुर्ची रिकामी. कपाटाचं दार हळूच, शेवटचं बोटभर मिटत होतं.

गोष्टीताई घाबरली नव्हती असं नाही. पण ती घाबरली की आधी चिडायची, आणि एकदा चिडली की घाबरायचं राहूनच जायचं. तिने तरातरा जाऊन अस्वल बाहेर काढलं, खुर्चीत आदळलं, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. मग ती खुर्चीकडे टक लावून उभी राहिली. किती वेळ कोण जाणे. मागे शिडीवरून जिराफ घसरून पडला, तिने दचकून मान वळवली, बस्स, तेवढंच.

मग तो आवाज आला. कपाटातून... कुलूप लावलेल्या कपाटातून. बारीक, कोरडा, घसा बसलेल्या मुलीचा.

“...पंच्याहत्तर... शहात्तर... सत्त्याहत्तर... अठ्ठ्याहत्तर...”

आवाज थांबला. कुणीतरी आवंढा गिळला.

“...एक... दोन... तीन...”

गोष्टीताई कपाटाकडे धावली. तिच्या हातातली किल्ली कुलपाला लागेना. काकांनी पुढे होऊन ती काढून घेतली, पण कुलूप उघडलं नाही.

“राहू द्या ताई त्याला,” ते हळू आवाजात म्हणाले. “शंभर झाले की येतं ते बाहेर. पण होत नाहीत शंभर... तिथे येऊन चुकतं. मग पुन्हा पहिल्यापासून.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मागच्या वर्षीही आलं होतं ना ते.” काका जमिनीकडे बघत होते. “मी रविवारी सकाळी झाडायला येतो. तुम्ही ठेवलेल्या जागी एकही खेळणं नसतं. घरी जे बघतात तेच इथे करतात ती. ती निळ्या फ्रॉकची बाहुली दुसऱ्या बाहुलीला थोपटत असते, रात्रभर. ते माकड दारात बसून राहतं, त्या पोराचे वडील बोटीवर आहेत. आणि हे अस्वल... मी आपला सगळ्यांना उचलतो आणि तुम्ही यायच्या आत जागेवर ठेवतो.”

“आणि वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलात? वर्षभर, काका?”

“कुणाला सांगू? काय सांगू? खेळणी चालतात म्हणून?”

हे ऐकून गोष्टीताईचा राग दुप्पट झाला. तिला काकांचा राग आला, मागच्या भिंतीला टेकून बसणारी पोर वर्षभर डोळ्यांसमोर असून आपल्याला काही दिसलं नाही म्हणून स्वतःचा राग आला. आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या मऊ बोलणाऱ्या माणसाचा.

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

“अहो बाई, आज रविवार आहे,” साहेब म्हणाले. तिने अस्वलाचं काही सांगितलं नाही. बिट्टी घाबरलेली दिसते, तिला घरी कोंडत असावेत, एवढंच सांगितलं. “पुरावा आहे का काही? समितीवरचे गृहस्थ आहेत ते. आपलं काम पुस्तकं द्यायची आणि परत घ्यायची. लोकांच्या घरात नाक खुपसायचं नाही.”

“साहेब, सात वर्षांची पोर आहे ती!”

“आवाज खाली करा.”

तिने फोन बंद केला आणि सभासदांच्या अर्जांची फाईल काढली. मुलांच्या अर्जावर दोन फोन नंबर लिहून घेतात, एक पालकांचा आणि एक अडीअडचणीचा. बिट्टीचा अर्ज तिची आई हयात असताना भरलेला होता. दुसऱ्या नंबरासमोर लिहिलं होतं, ‘मावशी’.

मावशीने पहिल्याच घंटेला फोन उचलला. गोष्टीताईचं सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं. “बरी आहे ना हो ती? मला भेटू देत नाहीत... दोन वर्षं झाली.”

“उद्या पाच वाजता या,” गोष्टीताई म्हणाली. “काही झालं तरी या.”

त्या रात्री घरी तिने भांडी आपटली, नवऱ्याला विनाकारण झापलं आणि मैत्रिणीला फोनवर सगळी हकीकत, अस्वलासकट, एवढ्या मोठ्याने सांगितली की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. तिची आठ वर्षांची लेक आतल्या खोलीत गृहपाठ करत होती.

सोमवारी पाच वाजता बालविभाग पालकांनी भरून गेला. पुस्तिका बघून मुलं किंचाळत होती. डायनासोर कुणालाच चावला नाही हे कळल्यावर त्याचा मालक जरा हिरमुसला. सगळ्यात शेवटी डॉक्टर आले, बिट्टीचं मनगट धरून. मावशीचा पत्ता नव्हता. गोष्टीताईने अस्वल टेबलावर ठेवलं, पण हात त्याच्यावरच ठेवला.

“बिट्टी, तुझ्या अस्वलाला शंभरपर्यंत मोजायला आवडतं का गं?”

विचारलं आणि तत्क्षणी तिला वाटलं, विचारायला नको होतं. बिट्टीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने वडिलांच्या हातातून मनगट सोडवून घेतलं, दोन कपाटांच्या मधल्या कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि हात मागे बांधले. मग ती मोजायला लागली. तोच आवाज. बारीक, कोरडा.

खोलीतले सगळे वळून बघायला लागले. मुलंसुद्धा. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, आणि त्या उन्हात एक पोर भिंतीला नाक लावून आकडे म्हणत होती. अठ्ठ्याहत्तर आले. ती थांबली. तिचे खांदे वर गेले, कुणी मारणार असेल तसे.

“...एक... दोन...”

“आमचं पाठांतर चाललंय सध्या,” डॉक्टर सगळ्यांकडे बघून हसले. “चल बिट्टी, उशीर होतोय.”

“पाठांतर?” गोष्टीताई टेबल ओलांडून त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. “कुठल्या कपाटात चालतं हे पाठांतर, डॉक्टर? किती वाजता कुलूप लावता? आणि शंभर झाले नाहीत तर सकाळपर्यंत ठेवता, की त्याच्यापुढेही?”

डॉक्टरांचं हसू जागचं हललं नाही. ते फक्त जवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “बाई, तुमची नोकरी माझ्या एका सहीवर आहे.”

“मग करा सही!” गोष्टीताई ओरडली. असा आवाज त्या खोलीत कधी निघाला नव्हता. “आत्ता करा! पेन देऊ? लाज वाटत नाही? आई नसलेलं लेकरू कपाटात कोंडता आणि समितीत बसून मुलांच्या वाचनावर भाषणं ठोकता? ही पोर आज तुमच्याबरोबर या दारातून बाहेर जाणार नाही. काका, दार लावा!”

काकांनी दार लावलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ते एखाद्या समिती सदस्याच्या वाटेत उभे राहिले. दोन-तीन आया बिट्टीभोवती येऊन उभ्या राहिल्या, कुणीतरी पोलिसांना फोन लावला. आणि त्याच वेळी दारावर थाप पडली. बस चुकल्यामुळे धावत आलेली, घामाघूम झालेली मावशी आत आली.

बिट्टीने मान वळवली. तिला स्वतःहून बोलताना गोष्टीताईने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“मावशी, मी चुकले,” ती म्हणाली. “पुन्हा करू?”

पुढचं थोडक्यात सांगायचं तर डॉक्टरांच्या घरी मागच्या खोलीत कपाट सापडलं. आतून खालच्या बाजूला नखांचे ओरखडे होते. बिट्टी मावशीकडे राहायला गेली आणि अस्वलही गेलं. डॉक्टरांवर खटला उभा राहिला. साहेबांनी वर्तमानपत्रात ‘आमचं वाचनालय मुलांच्या बाबतीत सदैव जागरूक’ असं स्वतःच्या फोटोसकट छापून आणलं, आणि ते वाचून गोष्टीताईने तो अंक टराटरा फाडला.

दोन महिन्यांनी मुक्काम पुन्हा ठरला. या वेळी लाल पेन चाललं नाही. सव्वीस खेळणी आली. गोष्टीताईने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता तिला त्यातलं एकेक खेळणं नीट बघायचं होतं. आणखी कुणाच्या घरी काय चालतं ते एकदा कळू दे, मग मी आहे आणि ते आहेत, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

सव्विसावं खेळणं तिच्या घरचं होतं. लेकीने आजवर आपला ससा कधी दिला नव्हता, माझ्याशिवाय त्याला झोप येत नाही म्हणायची. त्या शनिवारी तिने तो आपणहून आईच्या पिशवीत घातला.

“अगं, तुला कशाला पुस्तिका? तुला तर सगळं माहितीच आहे.”

“पुस्तिका नको,” लेक म्हणाली. “तू फक्त त्याच्याकडे बघ.”

“बरं, बघते. माझी चप्पल कुणी हलवली इथून? या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!” गोष्टीताईला बस गाठायची होती.

रविवारी तिने आधी लोखंडी कपाट उघडलं. आत डिंक, कात्र्या आणि कागद. तिला हायसं वाटलं. काकांना तिने या वेळी काही उचलू दिलं नव्हतं. निळ्या फ्रॉकची बाहुली दुसऱ्या बाहुलीला थोपटत होती, माकड दाराशी होतं. बाकीची खेळणी इकडेतिकडे लवंडली होती, गुण्यागोविंदाने. तिने सगळ्यांना गोळा करून भिंतीशी ओळीत बसवलं, पडदे लावले आणि सशाला गोष्टीच्या खुर्चीत ठेवलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. फोटोत एका तरी खेळण्याबरोबर मलाही घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. गोष्टीताईने त्यांना पाच मिनिटं असं फैलावर घेतलं की शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

ती वळली. खुर्ची रिकामी होती.

ती कपाटाकडे धावली, पण कपाटात काही नव्हतं. शिडीमागे नाही, पडद्याआड नाही. शेवटी ससा सापडला तिच्याच टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्यामागे. अंगाची जुडी करून बसलेला. दोन्ही लांब कान खाली ओढून घेतलेले आणि पुढच्या दोन पायांनी डोक्याशी गच्च दाबून धरलेले.

तिने त्याला बाहेर काढलं. कान सरळ करायला जोर लावावा लागला. पुन्हा खुर्चीत ठेवलं. काका कागदाची गुंडाळी घेऊन आले.

“हा हिरवा आहे, काका! निळा सांगितला होता ना? एकच गोष्ट किती वेळा सांगायची माणसाने?”

मागे काहीतरी मऊ धप्पकन पडलं, आणि घाईघाईने सरपटत गेल्याचा आवाज झाला.

काकांनी खुर्चीकडे बघितलं, मग टेबलाखाली. मग त्यांनी गुंडाळी खाली ठेवली. “मी चहा सांगून येतो,” ते म्हणाले आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

गोष्टीताई अंधारात उभी राहिली. पहिल्यांदा तिला सवयीने रागच आला. कुणी घाबरवलं माझ्या लेकीला? नवरा कधी आवाज चढवत नाही. शाळेत कुणी? शेजारी कुणी? नाव कळू दे, बघतेच त्याला... आणि मग तो राग तिथेच थांबला. तो कुणावर काढायचा हे तिला कळेना.

ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली वाकली. पडद्यांच्या फटीतला उजेड तिथपर्यंत पोचत नव्हता.

“बाळा,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “बाहेर ये... मी नाही ओरडणार. कधीच नाही.”

काही हललं नाही. मग डब्यामागून अगदी हळू कुजबुज आली, आणि तो आवाज तिच्या लेकीचा होता.

“गेली का ती?”

गोष्टीताईने तोंड उघडलं, पण तोंडून शब्द फुटायच्या आत तिच्या पाठीमागून, ओळीत बसवलेल्या त्या पंचवीस खेळण्यांतून, कुणीतरी तितकंच हळू उत्तर दिलं.

“नाही अजून... हलू नकोस.”